पी२एक्स३ गप्प करायचाय : एसआयआरएनए घ्यावा की अँटिसेन्स?

दरवर्षी कोणीतरी नवा पीएचडीवाला चहाच्या कपासोबत हा प्रश्न घेऊन येतो. रिसेप्टर ठरलेला असतो : पी२एक्स३, म्हणजे वेदना कळवणाऱ्या न्यूरॉनवरचा, एटीपी (पेशीतलं ऊर्जेचं रसायन) लागलं की उघडणारा दरवाजा. उंदराचे डीआरजी न्यूरॉन (मज्जारज्जूलगतच्या गाठींतले संवेदी न्यूरॉन) ठरलेले असतात, गाईडनी प्रस्तावात ‘जीन सायलेन्सिंग’, म्हणजे जीन गप्प करणं, लिहून टाकलेलं असतं. त्याचे दोन मार्ग : एसआयआरएनए हा दुपदरी आरएनएचा छोटा तुकडा, अँटिसेन्स हा एकपदरी तुकडा. दोन्ही त्या जीनचा एमआरएनए, म्हणजे प्रथिन बनवण्याचा निरोप, नष्ट करतात. ऑर्डर कशाची द्यायची एवढंच उरतं. मी दोन्हींवर पैसे घालवलेत, त्यामुळे माझं मत एका बाजूला झुकलेलं असणार. ते धरूनच वाचा.

सरळ ब्लॉकर, म्हणजे रिसेप्टर बंद करणारं औषध, का नको, हे आधी सांगतो. पी२एक्स३ कधी एकटा असतो, कधी त्याच्याच कुळातल्या पी२एक्स२शी जोडी जमवून असतो. बरेच ब्लॉकर दोघांनाही धरतात. खोकल्यावरचं गेफापिक्संट त्यातलंच. जपानमध्ये ते २०२२ साली मंजूर झालं, आणि तोंडाची चव बिघडल्याची तक्रार त्याच्या चाचण्यांपासूनच होती. कोणाचा वाटा किती हे वेगळं काढायचं असेल, तर एकेक उपएकक (रिसेप्टरचा एकेक घटक) गप्प करून बघण्याला पर्याय नाही.

पेपर वाचून निर्णय होईल असं वाटत असेल तर नाही होणार. उंदरांच्या मज्जारज्जूभोवती अँटिसेन्स सोडून पी२एक्स३ उतरवला आणि वेदना कमी झाल्या, हे २००२ साली छापून आलंय. एसआयआरएनएने तेच साधलं, हे २००४ साली. दोन्ही जमतं. तुमच्या टेबलावर काय जमतं, हा खरा प्रश्न.

एसआयआरएनएची बाजू भक्कम आहे, ती नाकारत नाही. दहा-वीस नॅनोमोलर पुरतो, ४८ तासांत एमआरएनए खाली येतो, बऱ्याच जीन्ससाठी तयार संच मिळतात. एचईके पेशींत (प्रयोगशाळेत सहज वाढणाऱ्या मानवी पेशींत) काम असेल तर पुढचं वाचूच नका, एसआयआरएनए घ्या आणि मोकळे व्हा.

पण न्यूरॉनमध्ये तो आपणहून शिरत नाही. त्याला लिपिडची, म्हणजे चरबीच्या कणांची, पालखी लागते, आणि माझं घोडं तिथेच अडलं.

प्रयोग साधा होता. चार डिश : एक काहीच न केलेली, एक नुसत्या लिपिडची, एक स्क्रॅम्बलची (अक्षरं विसकटलेल्या, कोणत्याच जीनला न लागणाऱ्या तुकड्याची), एक खऱ्या एसआयआरएनएची. फ्युरा-२ हा कॅल्शियम दाखवणारा रंग भरायचा, अल्फा-बीटा-मिथिलीन एटीपी (रिसेप्टरला जागं करणारा, एटीपीसारखा रेणू) द्यायचं आणि कॅल्शियमची रेघ बघायची. पहिल्या डिशमध्ये रेघ टणकन वर गेली. एसआयआरएनएच्या डिशमध्ये जवळजवळ सपाट. रात्रीचे साडेदहा वाजले होते, मी स्क्रीनचा फोटो काढून गाईडना पाठवूनही दिला. मग उरलेल्या दोन डिश लावल्या. नुसत्या लिपिडचीही रेघ सपाट! शेवटी पोटॅशियम क्लोराइड दिल्यावर रेघ वर गेली, म्हणजे पेशी जिवंत होत्या. पण फेज कॉन्ट्रास्ट सूक्ष्मदर्शकाखाली न्यूरॉनचे तंतू बघितले तर मण्यांच्या माळेसारखे तुटक झालेले. दुसऱ्या दिवशी फोटो परत घ्यावा लागला. तो प्रसंग सांगत नाही.

पुढचे दोन महिने लिपिडची मात्रा कमी-जास्त करण्यात गेले. मात्रा उतरवली की तंतू सुधारायचे आणि सायलेन्सिंगही जायचं. माझा कयास असा, की लिपिडने दुखावलेल्या पेशींतून एटीपी गळत असावं. पी२एक्स३ हा फार लाजाळू रिसेप्टर, एकदा एटीपी लागलं की कित्येक मिनिटं ढिम्म. म्हणजे आपण उद्दीपक देण्याआधीच तो झोपलेला. हे मी मोजून सिद्ध केलेलं नाही. पण एटीपीच्याच रिसेप्टरवर काम करताना पेशींना फोडू शकणारी पद्धत वापरायची, हे मला तेव्हापासून पटेनासं झालं.

मग गॅपमर (दोन्ही टोकं रासायनिक बदलाने टिकाऊ केलेले) अँटिसेन्स मागवले. चार क्रम, त्यातले दोन कामाचे निघाले. ते सरळ माध्यमात टाकायचे, न्यूरॉन ते आपले आपण आत घेतात. याला ‘जिम्नोसिस’ म्हणतात. शब्द ग्रीक, अर्थ ‘उघडं’. किंमत मात्र मोजावी लागते. नॅनोमोलरऐवजी मायक्रोमोलर लागतो, म्हणजे नळी भराभर संपते. पाच-सहा दिवस थांबावं लागतं, आणि पावसाळ्यात पाचव्या दिवशी डिशमध्ये बुरशी दिसली की काय वाटतं ते अनुभवावंच. काही क्रम मुळातच पेशींना सोसत नाहीत. त्यामुळे एका क्रमावर विसंबू नये, दोन वेगळ्या क्रमांनी तेच दिसलं तरच लिहावं. पण नुसत्या माध्यमाची आणि स्क्रॅम्बलची रेघ एकमेकींवर बसली, त्या दिवशी मला बरी झोप लागली.

औषधांच्या दुनियेतही साधारण अशीच वाटणी दिसते. यकृताच्या पेशीवरचा एएसजीपीआर रिसेप्टर गॅलनॅक साखरेला हात देऊन आत ओढतो, म्हणून ती साखर जोडलेला, इन्क्लिसिरनसारखा कोलेस्टेरॉलवरचा एसआयआरएनए सुरुवातीच्या मात्रांनंतर वर्षातून दोन टोचण्यांवर भागतो. मज्जासंस्थेत तसं दार अजून रुळलेलं नाही. तिथे २०२३ साली अमेरिकेत मंजूर झालेलं टोफर्सन (एएलएस या मज्जाविकाराच्या एका प्रकारावरचं औषध) हे अँटिसेन्सच आहे, पाठीच्या कण्यातून दिलं जाणारं.

आणि प्रथिनाचं काय? एमआरएनए उतरला तरी पेशीच्या पटलावर बसलेला जुना रिसेप्टर लगेच उठून जात नाही. हे दोन्हींना सारखंच लागू. फक्त अँटिसेन्समध्ये आठवडाभराची वाट असतेच, तोवर तोही बराचसा गेलेला असतो. एसआयआरएनएवाले ४८ तासांनी मोजतात आणि ‘काम झालं नाही’ म्हणतात.

तरीही तुमच्या प्रयोगशाळेत लिपिड आधीच पडून असेल, तर ऑर्डर द्यायच्या आधी एक दिवस खर्च करा. फक्त लिपिडची एक डिश आणि तिच्या शेजारी कोरी डिश लावा. दोन्ही रेघा सारख्या आल्या, तर एसआयआरएनए घ्या आणि माझं ऐकू नका.