डीएनए चाचणी आणि जमिनीचे कागद : काही महिने दोन्ही वापरल्यावर

घराण्याची मुळं शोधायला केलेल्या डीएनए चाचणीचा निकाल आल्यावर घरात सगळ्यांनी आधी पाहिला तो रंगीत नकाशा. अमुक टक्के इकडचे, तमुक टक्के तिकडचे. त्यात फार गुंतू नका. कंपनीकडे असलेल्या नमुन्यांशी ताडून काढलेला तो अंदाज असतो, नमुने वाढले की आकडे हलतात. माझ्या नकाशातून तर एक अख्खा प्रदेशच मध्ये गायब झाला!

पैसे वसूल होतात ते जुळणाऱ्या नातेवाइकांच्या यादीत. तरी आकड्यावरून नेमकं नातं कळत नाही. सख्खं चुलत किंवा मामेभावंड सरासरी १२.५ टक्के जुळतं. पणजोबा आणि वडिलांचा सावत्र भाऊही तेवढेच. घराण्यात नात्यातच लग्नं झाली असतील तर आकडा फुगतो.

माझ्या यादीत ३ टक्क्यांच्या आसपास जुळणारं एक नाव होतं. आडनाव वडीलधाऱ्यांपैकी कुणालाच ओळखीचं वाटेना. डीएनएने तिथे हात टेकले. उलगडा झाला तो एका जुन्या हक्कसोडपत्रात. आजोबांच्या बहिणीने वडिलांच्या जमिनीतला आपला हिस्सा भावांना सोडून दिला होता आणि सहीजवळ तिच्या नवऱ्याचं पूर्ण नाव होतं. आडनाव तेच. म्हणजे यादीतली ती व्यक्ती तिचं नातवंड. आमच्या वंशावळीत ही बाई कुठेच नाही, तिथे फक्त मुलगे. हिस्सा सोडवून घ्यायचा म्हटल्यावर मात्र तिची सही घ्यावीच लागली होती.

तेव्हापासून मी खरेदीखत हाती आलं की आधी चतुःसीमा, म्हणजे चारही बाजूंना कुणाची जमीन आहे ते, वाचते. लागून असलेली जमीन बऱ्याचदा वाटणीत वेगळ्या झालेल्या भावाची निघते. साक्षीदारही सोडू नका, त्यांत मेहुणे-जावई सापडतात. डोकं उठतं ते नावांनी : आजोबांचंच नाव नातवाला, त्यामुळे तारीख न पाहता जोडलं की एक पिढी गिळली जाते.

गोपनीयतेचा प्रश्न खरा आहे. ट्वेंटीथ्री अँड मी या डीएनए चाचणीच्या कंपनीतून २०२३ साली सुमारे ६९ लाख लोकांची माहिती चोरीला गेली आणि मार्च २०२५मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. नमुना नष्ट करण्याचा पर्याय कुठे आहे ते लाळ पाठवण्याआधीच शोधून ठेवा. तुमच्यासोबत भावंडांचीही माहिती जाते, त्यांना विचारा.

आणि चाचणी एकाचीच करायची असेल तर घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाची करा. दर पिढीला वारसा निम्मा होतो. ज्यांचे खापरपणजोबा एक, अशा भावंडांत तर साधारण १० टक्के वेळा काहीच जुळत नाही.