डॅशकॅमचा हार्डवायर किट: पेठेत रस्त्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीसाठी घ्यावा का?

हार्डवायर किट म्हणजे गाडी बंद असतानाही डॅशकॅमला, म्हणजे पुढच्या काचेवरच्या कॅमेऱ्याला, गाडीच्या बॅटरीतून वीज देणारी जोडणी. किट चांगला आहे, घ्यावा. पण त्याआधी गाडीची बॅटरी तपासून घ्यावी. घाईत असाल तर एवढं पुरे.

मी पेशंटच्या घरी जाऊन फिजिओथेरपी करते. त्यामुळे माझी गाडी धावते कमी आणि उभी जास्त राहते, तीही पुण्यात सदाशिव-नारायण-शनिवारच्या बोळांत, सम-विषम तारखांच्या पार्किंगच्या पी १ आणि पी २ पाट्या वाचत. आरसा दुमडून ठेवला नाही तर परत येईपर्यंत कुणीतरी आपल्यासाठी दुमडून ठेवतं, कधी काचेसकट. डॅशकॅम घेतला तो यासाठीच. चालत्या गाडीसमोर काय घडलं ते बघायला मला दोन डोळे आहेत, मला हवा होता उभ्या गाडीचा राखणदार.

कॅमेऱ्यासोबत येते ती सॉकेटची पिन, म्हणजे पूर्वी जिथे सिगारेट पेटवायचे तिथे खुपसायचा चार्जर. गाडी चालू असताना त्याने काम उत्तम होतं. पण आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत किल्ली बंद केली की सॉकेट बंद, की कॅमेराही बंद. कॅमेऱ्याच्या पोटातली छोटी बॅटरी किंवा कपॅसिटर (थोडीशी वीज साठवणारा भाग) फक्त चालू फाइल नीट सेव्ह होईपर्यंतच तग धरतो. खोक्यावर ठळक छापलेला ‘२४ तास पार्किंग मोड’, म्हणजे उभ्या गाडीवरचा पहारा, त्या पिनवर चालत नाही, आणि हे सांगणारी ओळ असलीच तर खोक्याच्या तळाशी, मुंगीच्या अक्षरात.

पॉवर बँकेचा सल्ला बरेच जण देतात. देऊ नये. करंट कमी लागला की बऱ्याच पॉवर बँका आपोआप झोपतात. आणि एप्रिल-मेच्या पुण्यात काचा लावून उन्हात ठेवलेल्या गाडीत लिथियमची विटकर सोडून जाणं मला तरी झेपणारं नाही. याच कारणासाठी कॅमेरासुद्धा लिथियम बॅटरीऐवजी सुपरकपॅसिटरवाला बघून घ्यावा.

म्हणून हार्डवायर किट. माझा कॅमेऱ्याच्याच कंपनीचा आहे आणि हजार-दीड हजाराच्या आसपास पडला. पिन सारखी दिसली म्हणून दुसऱ्या कंपनीचा स्वस्तातला किट उचलू नका. गाडी चालू आहे की उभी, हा निरोप कॅमेऱ्यापर्यंत किटमधूनच जातो, आणि जोडी जुळली नाही तर कॅमेरा नुसता चालेल, पार्किंग मोडमध्ये जाणार नाही. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण बघायच्या गोष्टी सगळ्या किटमध्ये त्याच असतात.

किट म्हणजे काडेपेटीएवढा डबा. तो गाडीच्या १२ व्होल्टचे कॅमेऱ्याला लागणारे ५ व्होल्ट करतो. त्यातून तीन वायरी निघतात: एक कायम चालू असलेल्या फ्यूजला, एक किल्लीबरोबर चालू-बंद होणाऱ्या फ्यूजला आणि तिसरी अर्थिंगची. पहिल्या दोन उलटसुलट झाल्या तर पार्किंग मोडचा विचका होतो. त्यात काही किटमध्ये लाल कायमची आणि पिवळी किल्लीची, तर काहींत नेमकं उलटं. रंगावर जाऊ नका, वायरवरची चिठ्ठी वाचा.

बसवायला आधी एका मोठ्या शोरूमच्या अ‍ॅक्सेसरी काउंटरवर गेले होते. तिथला मुलगा म्हणाला, छतातल्या दिव्याची वायर सोलून जोडून देतो, पंधरा मिनिटांत काम. वॉरंटीचं काय, असं विचारलं तर ‘काही होत नाही मॅडम’. मी किल्ली परत घेतली आणि नाना पेठेत आले.

नाना पेठेतल्या इलेक्ट्रिशियन काकांचं काम मात्र बघत राहावं असं. वायर कापायचं नावच नाही. फ्यूजच्या जागी बसणारा जोड, ज्याला फ्यूज टॅप म्हणतात, तो त्यांनी वापरला. मूळ फ्यूज काढून टॅपच्या एका खाचेत घातला, दुसऱ्या खाचेत कॅमेऱ्यासाठी छोटा वेगळा फ्यूज, आणि टॅप मूळ जागेवर दाबून बसवला. टॅपला सुलट-उलट बाजू असते. उलट बसला तरी कॅमेरा चालतो, पण मग त्याचाही करंट मूळ फ्यूजमधून जायला लागतो. काकांनी मीटर लावून वीज कुठल्या पायातून येते ते आधी पाहिलं. एअरबॅग आणि एबीएसच्या फ्यूजकडे तर बोटही नेलं नाही. अर्थिंग घेतलं ते रंग नसलेल्या उघड्या बोल्टवर.

कायम चालू असलेला फ्यूज शोधताना ते म्हणाले, “ताई, गाडी लॉक करा आन् चहा घेऊन या.” मला वाटलं, यांनाच चहा हवाय. तसं नव्हतं. हल्लीच्या गाड्यांत किल्ली काढली तरी काही सर्किटं थोडा वेळ जागी राहतात आणि मग झोपतात. लगेच मीटर लावला तर तो फ्यूज कायमचा वाटतो, आणि मग रात्री कॅमेरा का मरतो याचा शोध आपण घेत बसतो. चहा झाल्यावर त्यांनी पुन्हा मोजलं, तेव्हा आधी निवडलेल्या दोन फ्यूजपैकी एक खरोखरच शून्यावर गेला होता.

वायर वर नेताना पुढच्या खांबाच्या कव्हरमागून नेली. तुमच्या गाडीला कर्टन एअरबॅग (खिडक्यांवर पडद्यासारखी उघडणारी) असेल तर वायर तिच्या मागून गेली पाहिजे, पुढून गेली तर फुगणाऱ्या पिशवीच्या वाटेत येते. हे बसवणाऱ्याला आधी विचारा आणि उत्तर येईपर्यंत कव्हर उघडू देऊ नका.

आता खरा मुद्दा, बॅटरी. काकांनी मध्ये मीटर टाकून दाखवलं: रेकॉर्डिंग चालू असताना कॅमेरा गाडीच्या बॅटरीतून साधारण ०.३ अँपिअर ओढतो. ऐकायला क्षुल्लक वाटतं. रात्रीच्या दहा तासांचे झाले ३ अँपिअर-अवर. लहान हॅचबॅकची बॅटरी साधारण ३५ अँपिअर-अवरची असते आणि स्टार्टरसाठी त्यातलं बरंच राखून ठेवावं लागतं. नवी बॅटरी आणि रोज हिंजवडीला जाणं-येणं असेल तर हे ३ सहज भरून निघतात. माझं तसं नाही. सदाशिव पेठेतून कोथरूड, कोथरूडहून एरंडवणा, सगळ्या तुटक फेऱ्या, सिग्नलला एसी चालू. खाली गेलेली लेड-अ‍ॅसिड बॅटरी सावकाश भरते, माझ्या फेऱ्यांत तिला तेवढी उसंतच मिळत नाही. त्यामुळे रोजची थोडी थोडी तूट साठत जाते. घरचं बजेट जसं बिघडतं, तसंच.

इथे किटची कट-ऑफची सोय कामाला येते. बॅटरीचा व्होल्टेज ठरावीक आकड्याखाली गेला की किट कॅमेऱ्याची वीज तोडतो. माझ्या किटवर ११.८, १२.० आणि १२.२ असे तीन पर्याय आहेत आणि काही किटवर १२.४ पण असतो. पूर्ण भरलेली, निवांत बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते, १२.२ म्हणजे ढोबळमानाने निम्मी, आणि ११.८ म्हणजे जवळजवळ रिकामी. दुकानात ११.८ वर लावून देतात, कारण त्यावर कॅमेरा सर्वांत जास्त वेळ चालतो आणि गिऱ्हाईक खूश. सकाळी गाडी स्टार्ट होईल का, हा त्यांचा प्रश्न नसतो. माझ्या तीन वर्षं वापरलेल्या बॅटरीवर मी १२.२ ठेवलाय. त्यावर रात्रभर पहारा मिळत नाही, पहाटेच्या आधी कधीतरी कॅमेरा झोपतो. पण आजवर सकाळी पेशंटकडे जायला गाडीने नकार दिलेला नाही, आणि माझ्या धंद्यात ते जास्त मोलाचं.

पार्किंग मोडचेही प्रकार आहेत, आणि पेठेत कुठला लावायचा हे कुणी सांगत नाही. हालचालीवर चालणारा मोड गल्लीत निरुपयोगी आहे. माणसं, मांजरं, स्कूटर सगळ्यांचं चित्रण होतं आणि कार्ड भरतं. धक्क्यावर जागा होणारा मोड वीज फार कमी खातो, पण कॅमेरा झोपेतून उठेपर्यंत क्षण निघून जातो आणि हाती लागते ती लांब जाणारी स्कूटर. टाइम-लॅप्स सेकंदाला एखादं चित्र घेत सगळं टिपत राहतो. वीज खातो, पण कार्ड पुरतं. मी दिवसा रस्त्यावर टाइम-लॅप्स लावते आणि रात्री सोसायटीच्या पार्किंगमध्ये फक्त धक्क्याचा.

धक्क्याची सेन्सिटिव्हिटी कमीच ठेवा. गणपतीआधी नदीपात्राजवळ गाडी लावली होती, तिथे ढोल-पथकाचा सराव चालू होता. परत येऊन बघते तर ‘अपघातां’ची रांग लागलेली, आणि प्रत्येक क्लिपमध्ये शांत उभा रस्ता आणि मागे टोल पडतोय!

फायदा झाला का? झाला. शनिवार पेठेत एका टेम्पोने रिव्हर्स घेताना माझा पुढचा बंपर खरवडला, ते टाइम-लॅप्समध्ये नंबर प्लेटसकट आलं. मालकाने व्हिडिओ बघून मुकाट्याने पैसे दिले. दार मात्र कुणी ओरखडलं ते अजून गूढच आहे, कारण पुढचा कॅमेरा दार बघत नाही. हा किटचा दोष नाही, पण जाहिरातीत गाडीभोवती जे निळं वर्तुळ काढतात ते खरं धरू नका.

ज्यांची गाडी रात्री बंद गॅरेजमध्ये असते आणि दिवसा ऑफिसच्या राखलेल्या पार्किंगमध्ये, त्यांनी सॉकेटची पिनच वापरावी. बॅटरी चार वर्षांच्या पुढे गेली असेल तर आधी ती बदलावी, मग किट. आठवडाभर गावाला जाताना टॅपमधला छोटा फ्यूज काढून ठेवावा. किटने कॅमेऱ्याची वीज तोडली तरी गाडीची स्वतःची घड्याळं, अलार्म वगैरे थोडं थोडं पीत राहतातच. माझी गाडी रविवारी सासवडला, माहेरी जाते. तेवढ्या सलग धावेनंतर सोमवारी सकाळी मीटरवर १२.५ दिसतात आणि तो आठवडा बरा जातो.