‘ब्लॉक फुटलाय’ म्हणाला आणि काकांचं इंजिन गेलं

घरात जुनी गाडी आहे आणि तिच्यात मोठं इंजिन घालायचं मनात आहे, अशा प्रत्येकाने गॅरेजवाल्याच्या हातावर पहिला रुपया ठेवायच्या आधी हे वाचावं, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय. माझे ३ लाख ४० हजार गेले. त्याहून मोठं नुकसान कोणतं झालं ते पुढे येईलच.

गाडी माझ्या काकांची. १९६६ सालची ट्रायम्फ स्पिटफायर, मार्क टू. काका बोटीवर इंजिनिअर होते. मुंबईतून मायदेशी परत जाणाऱ्या एका साहेबाकडून १९७१ साली त्यांनी ती घेतली आणि निवृत्त झाल्यावर पावसजवळच्या आमच्या गावी आणली. दोन सीटची, उघड्या टपाची, ११४७ सीसीची गाडी. आमच्या जांभ्या दगडाच्या मांगरात आंब्याच्या रिकाम्या पेट्यांशेजारी ती उभी असायची. हिचं बॉनेट पुढच्या मडगार्डांसकट अख्खं पुढे उघडतं. मग पुढच्या टायरवर बसून इंजिनाचं काम करता येतं. काका तसेच बसायचे, टॅपेट लावायचे आणि वहीत नोंद करायचे. ‘पुढच्या ट्रनियनला ग्रीस नको, ९० नंबर तेल’ हे वाक्य त्या वहीत किमान दहा वेळा आहे. ट्रनियन म्हणजे पुढचं चाक ज्यावर वळतं तो खालचा सांधा. खाऱ्या हवेत गाडीचा पत्रा टिकवायला या माणसाने जन्म घालवला. या गाडीच्या दारांखालचे पत्र्याचे खोके कुजले की गाडीची कंबरच जाते, म्हणून दर पावसाळ्याआधी काका त्यांत आतून तेल मारायचे.

काका गेल्यावर गाडी माझ्याकडे आली. २०२४ च्या गणपतीत तिच्यात एक आवाज सुरू झाला. क्लच दाबला की आतून ठक्क, सोडला की पुन्हा ठक्क. मला इंजिनातलं फार कळत नाही, मी बागायतदार माणूस. ओळखीतून महामार्गालगतच्या एका गॅरेजचं नाव कळलं. सिंधुदुर्गाच्या हद्दीत होतं. मालक चाळिशीतला, बोलायला गोड. मला ‘काका’ म्हणायचा, घरी आला तेव्हा आईच्या पाया पडला. त्याने स्वतः इंजिन बदललेली एक पद्मिनी आणली होती. ती घेऊन आम्ही आरे-वारेच्या रस्त्याने गणपतीपुळ्याला गेलो. तो समुद्राकडेचा चढ ती गाडी तिसऱ्यात सहज चढली. माझा निर्णय तिथेच झाला होता हे आज कळतंय. माझ्या गाडीचं नेमकं दुखणं काय, हे मी विचारलंसुद्धा नाही.

टोचन लावून गाडी त्याच्याकडे गेली. आठव्या दिवशी फोन आला. “काका, ब्लॉक फुटलाय. क्रँकपण गेलाय. ह्या गाडीचे पार्ट भारतात मिळत नाहीत.” मी बघायला गेलो. बाकावर तेलाने माखलेला एक ब्लॉक, म्हणजे इंजिनाचा मुख्य ओतीव सांगाडा, ठेवला होता आणि बाजूला बोटभर लांब भेग होती. मी भेग बघितली. नंबर बघितला नाही. काकांच्या वहीच्या पहिल्याच पानावर इंजिन नंबर लिहिलेला आहे, ‘एफसी’ अक्षरांनी सुरू होणारा. ती वही मांगरात होती आणि मी बाकासमोर मान हलवत उभा होतो.

आता तो ठक्क आवाज कशाचा होता ते सांगतो, कारण तो ऐकून कुणी इंजिन उतरवू नये. या इंजिनात क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य फिरता दांडा, मागेपुढे सरकू नये म्हणून मागच्या मुख्य बेअरिंगपाशी दोन अर्धचंद्राच्या आकाराच्या चकत्या असतात. थ्रस्ट वायसर म्हणतात त्यांना. क्लच दाबला की सगळा जोर त्यांच्यावर येतो. त्या झिजल्या की क्रँक पुढे सरकतो आणि आवाज येतो. ट्रायम्फच्या या घराण्यातल्या इंजिनांचं हे जुनं, सगळ्यांना माहीत असलेलं दुखणं आहे. घरी तपासायचं तर एकाने क्लच दाबायचा आणि दुसऱ्याने क्रँकच्या पुढच्या पुलीकडे बघायचं. पुली डोळ्याला दिसेल इतकी पुढे येत असेल तर गाडी तिथेच बंद करायची. तशीच चालवत राहिलं तर चकत्या खाली पडतात आणि मग खरोखरच ब्लॉक खराब होतो. वेळेत कळलं तर इंजिन गाडीतून काढावंही लागत नाही. खालची ऑइलची चेंबर उतरवून, मागच्या बेअरिंगची टोपी काढून चकत्या बदलता येतात. बाहेरून मागवल्या तरी दोन-तीन हजारांत काम होतं. पार्ट मिळत नाहीत हेही खोटं. मद्रासला बनलेल्या स्टँडर्ड हेराल्डचं ९४८ सीसीचं इंजिन याच घराण्यातलं आणि स्पिटफायरची चेसीससुद्धा हेराल्डच्याच चेसीसवरून आखलेली. हेराल्ड जपणारी माणसं आजही आहेत. त्यांतल्या एकाला फोन केला असता तरी मी वाचलो असतो.

गॅरेजवाल्याने सुचवलं अँबॅसिडरचं इसुझूचं १८१७ सीसीचं पेट्रोल इंजिन, पाच गिअरच्या बॉक्ससकट. “दुप्पट ताकद, काका.” काकांच्या इंजिनाची ताकद कंपनीच्या कागदावर ६७ हॉर्सपॉवर होती. अँबॅसिडरच्या त्या इंजिनाची ७५ च्या आसपास. दुप्पट सोडा, सव्वापटही नाही, आणि वजन पुढच्या चाकांवर वाढणार ते वेगळंच. मी हे आकडे तेव्हा शोधले नाहीत. आधी ७५ हजार, मग इंजिन-गिअरबॉक्सचे १ लाख ४० हजार, जॉइंट आणि लेथकामाचे ६० हजार, शेवटी ६५ हजार. पैसे कधी त्याच्या भाच्याच्या नावावर, कधी त्याच्या मेव्हण्याच्या, सगळे मोबाइलवरून. पावती म्हणून वहीतल्या पानावर लिहिलेल्या चिठ्ठ्या, त्यांवर जीएसटी नंबर नाही. जुनं इंजिन मागितलं तर म्हणाला, “फुटका ब्लॉक नेऊन काय करणार? भंगारवाल्याला दिला.”

मधल्या काळात व्हॉट्सॲपवर फोटो यायचे. ‘तुमच्या गाडीत इंजिन बसलं.’ मी ते फोटो बायकोला, भावाला, गावभर दाखवले. सहा महिन्यांनी नीट बघितले तेव्हा दिसलं, इंजिनाशेजारून खाली जाणारा स्टिअरिंगचा दांडा फोटोतल्या गाडीच्या डाव्या बाजूला आहे. आमची गाडी उजव्या स्टिअरिंगची. परदेशातल्या कुणाच्या तरी गाडीचे ते फोटो होते.

२०२५ च्या मे महिन्यात, आंब्याच्या ऐन गडबडीत, गाडी ताब्यात मिळाली. बॉनेटच्या मधोमध हातभर भोक पाडलं होतं, कारण इंजिन खाली बसेना म्हणून फाउंडेशन, म्हणजे इंजिन ज्यावर बसतं ते टेकू, उंच केलं होतं. गिअरबॉक्ससाठी मधला पत्रा छिन्नीने कापला होता आणि कापलेल्या कडांना रंगही लावला नव्हता. काकांनी एवढी वर्षं गंजापासून राखलेला तो पत्रा. राजापूरचा चढ अर्धा चढला नाही तोच इंजिनाच्या तापमानाचा काटा लाल रेषेवर गेला. पुढे एका वळणावर ब्रेक मारला तेव्हा मागची चाकं आत दुमडल्यासारखी झाली आणि गाडी पलीकडच्या बाजूला सरकली. या गाडीची मागची रचनाच तशी आहे, मागचं वजन हललं की चाकं कलतात. पुढे जड इंजिन बसवताना ब्रेक आणि मागच्या पाट्याच्या स्प्रिंगकडे कुणी बघितलंच नव्हतं. समोरून ट्रक येत नव्हता एवढंच नशीब.

दुसऱ्या दिवशी मिरकरवाड्यातल्या मेस्त्रींना बोलावलं. आयुष्यभर मासेमारीच्या होड्यांची इंजिनं बांधलेला माणूस. काकांचे दोस्त. ते काही न बोलता टायरवर बसले, अगदी काका बसायचे तसे. “वाईच उजेड दाखवा.” मी बॅटरी धरली. त्यांनी फडक्यावर थिनर घेतला आणि ब्लॉकवरच्या नंबरच्या पट्टीवरून फिरवला. ताजा काळा रंग निघून आला. खाली ग्राइंडरच्या बारीक तिरप्या रेघा होत्या आणि त्यांच्यावर ठोकलेले आकडे. एक आकडा वर, एक खाली, एक अर्धवट उमटलेला. मेस्त्रींनी त्या पट्टीवरून नख फिरवलं. “ह्यो नंबर कंपनीचा नाय. घासून मारलाय.”

मग गॅरेजवाल्याने दिलेली आरसीची झेरॉक्स काढली. ज्या टॅक्सीतून इंजिन काढलं तिची म्हणून दिली होती. इंधन : डिझेल. क्षमता : १४८९ सीसी. पेट्रोलच्या १८१७ सीसीच्या इंजिनाला त्याने डिझेल अँबॅसिडरचा कागद जोडला होता आणि तो सहा महिने माझ्या कपाटात होता.

“आरटीओचं माझ्यावर सोडा” असं तो पहिल्या दिवसापासून म्हणायचा. हे वाक्य कुणी म्हटलं तर तिथूनच उठून यावं, असं मी आज सगळ्यांना सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा आरसीवरचा तपशील वेगळा होईल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठामपणे सांगितलंय. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर असा बदल करणाऱ्या मालकाला, म्हणजे मला, प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. गॅरेजवाल्याचं नाव आरसीवर नसतं.

मला सगळ्यात लागलेली गोष्ट वेगळी आहे. जुलै २०२१ पासून ५० वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते. नंबरात ‘व्हीए’ अक्षरं असतात, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. अट एकच महत्त्वाची : गाडी मूळ रूपात हवी, चेसीस, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार नको. काकांची गाडी त्या अटीत चपखल बसत होती. मांगरात बंद असतानासुद्धा बसत होती. मी ३ लाख ४० हजार खर्च करून तिला त्यातून बाहेर काढलं.

पावसाळ्यात माझ्या भाच्याने एक जाहिरात दाखवली. जुन्या इंजिनाचा फोटो. रॉकर कव्हरला, म्हणजे इंजिनाच्या वरच्या पत्र्याच्या झाकणाला, होडीला लावतात तो हिरवा रंग आणि ऑइलच्या झाकणाला तांब्याच्या तारेचा वेढा. ती तार काकांनी माझ्यासमोर गुंडाळली होती. जाहिरातीवर ‘विकलं गेलं’ असा शेरा होता. चौकशी करत करत कोल्हापूरच्या एका गृहस्थांपर्यंत पोहोचलो. त्यांच्याकडे स्टँडर्ड हेराल्ड आहे आणि तिला जरा मोठं इंजिन हवं म्हणून त्यांनी हे १ लाख १० हजाराला घेतलं होतं. माणूस सज्जन. माझं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “या, तुमच्या हाताने बघा. मी अजून बसवलेलं नाही.”

मेस्त्रींना घेऊन आंबा घाटाने गेलो. इंजिन त्यांच्या पडवीत लाकडी ठोकळ्यांवर ठेवलं होतं. मी वही उघडून धरली आणि मेस्त्रींनी एकेक अक्षर वाचलं. एफसीपासून शेवटपर्यंत सगळं जुळलं. ब्लॉकवर कुठेही भेग नव्हती. त्या गृहस्थांच्या परवानगीने चेंबर खोलली, टोपी काढली. मागच्या बेअरिंगपाशी दोन नव्या कोऱ्या अर्धचंद्र चकत्या चमकत होत्या. गॅरेजवाल्याने एवढंच काम केलं होतं आणि इंजिन विकलं होतं.

आता मी आणि कोल्हापूरचे ते गृहस्थ, आम्ही दोघांनी मिळून तक्रार दिली आहे, फसवणूक आणि विश्वासघात दोन्हीची, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ आणि ३१६ खाली. चिठ्ठ्या, मोबाइलवरच्या व्यवहारांच्या नोंदी, ते डाव्या स्टिअरिंगचे फोटो, वहीचं पहिलं पान, सगळं जोडलंय. घासलेल्या नंबराचं इंजिन माझ्या गाडीत आहे हे मी स्वतःहून लेखी कळवलं, कारण ते चोरीचं निघालं तर पहिला जाब मलाच द्यावा लागेल. पंचनामा होईपर्यंत गाडी मांगरातून हलवायची नाही असं सांगितलंय. गॅरेजला कुलूप आहे. काकांचं इंजिन कोल्हापूरच्या त्या पडवीतच आहे. त्या गृहस्थांनी हेराल्डचं काम थांबवलंय आणि इंजिनावर कोरडं गोणपाट टाकून ठेवलंय. मेस्त्री दर रविवारी येऊन बॉनेटच्या भोकावरची ताडपत्री तपासून जातात.