तीन माहितीपत्रकं आणि एक अडकलेला मोल्ड: लीन प्रॉडक्ट डेव्हलपमेंटचं कोणतं प्रशिक्षण घ्यावं?

भाचा रविवारी आला तो सेव-उसळीचं पार्सल आणि तीन माहितीपत्रकं घेऊन. कलाभवनातून मेकॅनिकल केलेला मुलगा. बडोद्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीत स्विचगिअरचे (वीज जोडण्या-तोडण्याच्या उपकरणांचे) भाग करणाऱ्या एका कारखान्यात डिझाइनला आहे, चार वर्षं झाली. शेठनी सांगितलंय, लीन प्रॉडक्ट डेव्हलपमेंटचं, म्हणजे वेळ आणि पैसा वाया न घालवता नवी वस्तू तयार करण्याचं, ट्रेनिंग घे, अर्धी फी कंपनी भरेल. "मावशी, तू ह्याच लायनीत बावीस वर्षं काढलीस. ह्यातलं कोणतं घेऊ?"

एक होती दोन दिवसांची कार्यशाळा, स्क्रम ह्या छोट्या-छोट्या टप्प्यांत काम करण्याच्या पद्धतीच्या प्रमाणपत्रासकट. दुसरा सिक्स सिग्माचा, म्हणजे आकडेशास्त्राने दोष कमी करण्याच्या पद्धतीचा, ग्रीन बेल्ट (मधल्या पातळीचं प्रमाणपत्र), चार महिन्यांचा, शनिवार-रविवार. तिसऱ्यात पुण्याचे एक सल्लागार महिन्यातून दोन दिवस कारखान्यात येणार, असे सहा महिने. तिन्हींवर 'लीन' हा शब्द ठळक अक्षरात. पहिली दोन मी स्वतः केली आहेत आणि तिसऱ्या प्रकारात दोन वेगवेगळ्या नोकऱ्यांत बसले आहे, म्हणून हे लिहिण्याचा आगाऊपणा करते. बडोद्यातल्या छोट्या-मध्यम कारखान्यातल्या डिझाइनवाल्यासाठी लिहिते आहे. नुसतं सॉफ्टवेअर करणाऱ्यांचं गणित वेगळं.

आधी एक गोंधळ निस्तरू. लीन म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे शॉप फ्लोअर येतं: जमिनीवरचे पिवळे पट्टे, फाइव्ह-एसची आवराआवर, माल मागवण्याची कानबान कार्डं. केंद्र सरकारची एमएसएमई कॉम्पिटिटिव्ह लीन योजना मुख्यतः ह्याच बाजूची. मार्च २०२३ मध्ये ती नव्या रूपात आली. बेसिक, इंटरमिजिएट आणि ॲडव्हान्स्ड अशा तीन पायऱ्या, आणि सल्लागाराच्या खर्चातला ९० टक्के वाटा सरकारचा. लघुउद्योगांसाठीची सरकारी उद्यम नोंदणी असेल तर जरूर घ्या. पण तिने तुमची नवी वस्तू बाजारात लवकर येईल अशी आशा धरू नका. शॉप फ्लोअरवर पडून राहिलेला माल दिसतो, त्याला ठेच लागते. डिझाइनमध्ये पडून राहिलेलं काम फोल्डरमध्ये असतं, त्याला कुणाचीच ठेच लागत नाही.

म्हणजे नेमकं काय, ते एका कव्हरवरून सांगते. मी पूर्वी जिथे होते तिथे एका टर्मिनल कव्हरचा, म्हणजे केबल जोडतात त्या जागेवरच्या झाकणाचा, मोल्ड (साचा) करायला टाकला. ट्रायलचे पीस आले, दिसायला सुरेख. गिऱ्हाइकाने त्याच्या केबलचा मोठा लग (टोकाला बसवायचा धातूचा तुकडा) लावून बघितला आणि कव्हर बसेना. कमी पडत होते तीन मिलिमीटर. कव्हर आतून मोठं करायचं म्हणजे मोल्डचा कोअर (आतला आकार देणारा भाग) वाढवायचा, आणि कापून काढलेलं स्टील परत चिकटत नाही. नवा कोअर करावा लागला, पाच आठवडे गेले. त्या पाच आठवड्यांत मी जुन्या मॉडेलचं ड्रॉइंग सहज उघडलं. रिव्हिजनच्या, म्हणजे बदलांच्या नोंदीच्या, रकान्यात 'सी'समोर एक ओळ होती: 'लगसाठी क्लिअरन्स वाढवला.' हीच चूक चार वर्षांपूर्वी झाली होती आणि सुधारलीही होती. सुधारणारा माणूस हालोलला दुसऱ्या नोकरीवर गेला आणि ते शहाणपण त्याच्याबरोबर गेलं. आमच्याकडे राहिली ती ओळ, जी कुणी वाचत नाही.

डिझाइनमधला अपव्यय म्हणतात तो हा. एकदा पैसे मोजून शिकलेली गोष्ट पुन्हा पैसे मोजून शिकायची. त्याच्या जोडीला वाट बघणं: सहीची, सॅम्पलची, परचेसच्या उत्तराची. आता ह्या दोन दुखण्यांवर कोणतं प्रशिक्षण काय करतं ते बघू.

स्क्रमची दोन दिवसांची कार्यशाळा मला आवडली होती, हे कबूल करते. फळ्यावर चिकटवलेल्या चिठ्ठ्या, रोज पंधरा मिनिटं उभ्याने बोलणं, दोन आठवड्यांनी काहीतरी करून दाखवणं. अनेक डिझाइन विभागांत एवढी शिस्तही नसते. पण आम्ही ते जसंच्या तसं लावायला गेलो आणि दुसऱ्याच स्प्रिंटला, म्हणजे दोन आठवड्यांच्या टप्प्याला, हसं झालं. दाखवायला काय, तर 'मोल्ड अजून व्हेंडरकडेच आहे'. तिसऱ्यालाही तेच. लोखंड दोन आठवड्यांच्या तालावर चालत नाही. गंमत अशी की स्क्रम हे नाव ज्यावरून आलं तो १९८६चा ताकेउची आणि नोनाका ह्यांचा लेख होंडाची गाडी, कॅननचे कॅमेरे, फुजी-झेरॉक्सचं कॉपियर अशा हातात धरायच्या वस्तूंबद्दलच होता. पुढे सॉफ्टवेअरवाल्यांनी ते उचललं आणि आता आपल्याकडे ते संगणकाच्या वासासकट परत येतं.

नुसतं प्रमाणपत्र हवं असेल तर हेही माहीत असू द्या. स्क्रम अलायन्स ह्या संस्थेच्या सीएसएम प्रमाणपत्रासाठी वर्गात बसावंच लागतं. मग ५० प्रश्नांची परीक्षा, त्यात ३७ बरोबर यावे लागतात, आणि दर दोन वर्षांनी पैसे भरून नूतनीकरण. स्क्रम डॉट ऑर्ग ह्या दुसऱ्या संस्थेच्या पीएसएम-१ प्रमाणपत्राला वर्गाची सक्ती नाही. घरी अभ्यास करा, ६० मिनिटांत ८० प्रश्न, ८५ टक्क्यांना पास. तुमच्या वस्तूत फर्मवेअर (उपकरणाच्या आतलं सॉफ्टवेअर) असेल, म्हणजे मीटर किंवा रिले वगैरे, तर हे शिकून वाया जाणार नाही. भाच्याच्या कारखान्यात पितळ, स्प्रिंगा आणि प्लास्टिक आहे.

बेल्टबद्दल माझं मत लोकांना जरा कडू लागतं. पहिला प्रश्न विचारायचा: तुम्ही डीएमएआयसी शिकवता की डीएमएडीव्ही? पहिलं चालू प्रक्रिया सुधारायचं, दुसरं नवं डिझाइन उभं करायचं. माहितीपत्रकावर 'नव्या उत्पादनांसाठी' लिहिलेलं असतं आणि वर्गात अठरापैकी पंधरा तास चालू प्रक्रियेचेच निघतात. माझ्या बॅचला तसंच झालं. दुसरा अडथळा आकड्यांचा. सिक्स सिग्मा १९८६च्या सुमारास मोटोरोलात जन्मली, जिथे माल लाखांनी निघत होता. दहा लाखांत ३.४ दोष ही भाषा तिथे शोभते. आपल्याकडे एका प्रकाराचे महिन्याला तीनशे पीस, आणि प्रकार चाळीस. आकडेशास्त्राला खायला दाणाच कमी.

तरीही बेल्टमधलं एक प्रकरण मी जन्मभर वापरते आहे, ते मोजमापाचं. वर्गातून आल्यावर एकाच स्प्रिंगची लांबी क्यूसीतल्या (गुणवत्ता तपासणीतल्या) दोघांकडून दहा-दहा वेळा मोजून घेतली. एकजण व्हर्नियरचे जबडे हलके टेकवत होता, दुसरा दाबत होता. टॉलरन्सचा, म्हणजे चालणाऱ्या फरकाचा, निम्मा पट्टा त्या दोन अंगठ्यांतच संपला होता. सहा महिने आम्ही स्प्रिंगवाल्या व्हेंडरला शिव्या घालत होतो. टॉलरन्सची बेरीज-वजाबाकी आणि प्रयोगांची आखणी हेही तिथेच नीट शिकले. तुमचं दुखणं 'ट्रायल पास, लॉट फेल' असं असेल तर बेल्ट घ्या, बेलाशक.

मात्र बेल्ट कोणी द्यावा ह्यावर कुणाची मक्तेदारी नाही. दोन दिवसांतही देतात, आठवडाभरातही. अमेरिकन सोसायटी फॉर क्वालिटीचा ब्लॅक बेल्ट घ्यायला गेलात तर पूर्ण केलेल्या प्रकल्पांचं सहीनिशी प्रतिज्ञापत्र मागतात: दोन प्रकल्प, किंवा एक प्रकल्प आणि तीन वर्षांचा अनुभव. नोकरी बदलायची असेल, बाहेरच्या मोठ्या कंपनीत जायचं असेल, तर तिन्हींत सगळ्यात चालणारं नाणं हेच. माझ्या बायोडेटावर अजून आहे.

आणि तिसरं, कारखान्यात येणारा शिक्षक. इथे लीन प्रॉडक्ट डेव्हलपमेंट हे नाव खरोखर लागू पडतं, कारण ही परंपराच वेगळी आहे. ती टोयोटाच्या कारखान्यातून आलेली नाही, टोयोटाच्या डिझाइन ऑफिसातून आलेली आहे. मिशिगन विद्यापीठाचे ॲलन वॉर्ड आणि त्यांचे सहकारी ह्यांनी नव्वदच्या दशकात बघितलं की टोयोटावाले डिझाइनचा एकच पर्याय लवकर ठरवून मग तो दुरुस्त करत बसत नाहीत. अनेक पर्याय बराच वेळ हातात ठेवतात, चाचण्या करून मर्यादा शोधतात आणि जमत नाहीत ते गाळत जातात. वॉर्ड ह्यासाठी राइट बंधूंचं उदाहरण देत. १९०१ साली त्यांनी घरगुती विंड टनेल बनवून सुमारे दोनशे छोटे पंख तपासले आणि त्यानंतर १९०३चं विमान बांधलं. आधी शिकायचं, मग बांधायचं. आपण आधी मोल्ड टाकतो, मग शिकतो.

वर्गात हे ऐकून कुणीही मान डोलावतं. आमच्याकडे आलेल्या शिक्षकांनी पहिल्या भेटीत एकही स्लाइड दाखवली नाही. अडकलेलं काम कोणतं ते विचारलं आणि एक ए-थ्री कागद मागवला. एका कागदावर सगळं मांडायचं: अडचण काय, आत्ता काय होतंय, कशामुळे, काय करून बघणार, कधी कळणार. मी 'कारण' ह्या चौकटीत 'व्हेंडरची क्वालिटी' लिहिलं. त्यांनी पेन्सिलने भोवती गोल काढला आणि म्हणाले, "हे कारण नाही, ही तक्रार आहे." तो कागद मी सात वेळा लिहिला. सातव्यांदा स्प्रिंगचा दाब आणि काँटॅक्टचं तापमान ह्यांचा आलेख निघाला, पाच बिंदूंचा, हाताने काढलेला. त्याच उत्पादन-कुटुंबातल्या पुढच्या तीन मॉडेलांना तोच आलेख लागला. चाचण्यांसाठी एरडा ही विजेच्या उपकरणांची प्रयोगशाळा मकरपुऱ्यातच आहे. पण तोवर आम्ही तिथे सगळं तयार झाल्यावर, पास होण्यासाठी जात होतो. शिकण्यासाठी आधी चार पीस घेऊन चाचणी करावी हे सुचलंच नव्हतं.

दुसरं काम त्यांनी केलं ते यादीचं. डिझाइनमध्ये चालू असलेली सगळी कामं भिंतीवर लावली: अठरा. महिन्याला पूर्ण किती होतात? सरासरी तीन. मग प्रत्येक काम सहा महिने घेणार, ह्यात कुणाच्या आळशीपणाचा संबंध नाही. जॉन लिटल ह्यांनी १९६१ साली सिद्ध केलेलं साधं सूत्र आहे, भागाकार येतो त्याला समजतं. नऊ कामं थांबवली तर बाकीची तीन महिन्यांत बाहेर पडतात. शेठ म्हणाले, "नऊ गिऱ्हाइकांना काय सांगू?" त्यावर दीड तास भांडण झालं, आणि माझ्या मते अख्ख्या सहा महिन्यांतला सर्वात उपयोगी दीड तास तोच.

ह्या प्रकाराचा धोकाही सांगायला हवा. सगळं शिक्षकावर असतं. दुसऱ्या नोकरीत आलेले गृहस्थ जपानी शब्दांचा पाऊस पाडत. ओबेया करायची म्हणून एका खोलीच्या भिंती तक्त्यांनी भरल्या आणि ते गेल्यावर तीन महिन्यांत त्या खोलीत रिकामी खोकी ठेवली गेली. ओबेया म्हणजे मोठी खोली. टोयोटात प्रियस गाडीच्या वेळी तिचे मुख्य अभियंते ताकेशी उचियामादांना सगळ्या विभागांची माणसं एकत्र बसवून निर्णय घ्यायचे होते, म्हणून ती आली. आमच्या खोलीत निर्णय घेणारा माणूसच येत नव्हता. शिवाय हातात प्रमाणपत्र काही पडत नाही. सहा महिन्यांनी मुलाखतीला गेलात तर दाखवायला ए-थ्रीचे कागद, तेही कंपनीचे.

खर्चाचं बघताना फी एकटी बघू नका. कार्यशाळेची फी कमी, पण पाच माणसं पाठवली तर दहा दिवसांचं काम गेलं आणि परत येऊन कुणाच्याच टेबलावर काही बदललं नाही. बेल्ट एका माणसाचे शनिवार-रविवार खातो, कंपनीचं काम बुडत नाही, लग्न झालेल्यांनी घरी विचारून घ्यावं. शिक्षकाची फी मोठी दिसते, त्यात पुण्याहून येणं-राहणंही आलं. पण ते दोन दिवस तुमच्या चालू कामावरच जातात, त्यामुळे वेगळा वेळ जवळपास लागतच नाही. आणि बॅच कोणतीही असो, नवरात्रात ठेवू नका. गरबा खेळून रात्री दीडला आलेल्या माणसाला सकाळी नऊला टॉलरन्स शिकवणं हा दोघांवरही अन्याय आहे.

ऑनलाइनचं एका ओळीत: आयआयटींच्या एनपीटीईएल ह्या संकेतस्थळावर उत्पादन-डिझाइनचे अभ्यासक्रम मोफत ऐकता येतात, पैसे फक्त परीक्षेचे. वरच्या कशाच्याही आधी ऐका, कशाच्याही ऐवजी नको.

भाच्याला मी तिसरं घे म्हटलं, दोन अटींवर. पहिली, फी ठरण्याआधी सल्लागाराला विचार: "आमच्यासारख्या कारखान्यात केलेला एखादा ए-थ्री, नावं झाकून, दाखवाल का?" ज्याने केलाय त्याच्या पिशवीत तो असतो. दुसरी, महिन्यातल्या त्या दोन दिवसांतला निदान अर्धा दिवस शेठ खुर्चीत बसले पाहिजेत, फोन बाहेर ठेवून. ते जमत नसेल तर बेल्ट घे. निदान तुझ्या नावावर काहीतरी राहील.

त्याने अजून कुठेच पैसे भरलेले नाहीत. गुरुवारी फोन आला. चालू कामांची यादी त्याने स्वतःच केली होती. शेठचा अंदाज होता नऊ, निघाली तेवीस. त्यातली दोन कामं ज्या गिऱ्हाइकांसाठी होती, त्यांनी ती वस्तू गेल्या दिवाळीतच दुसरीकडून घेतली होती.