स्वमग्न मुलांच्या शाळेच्या नावानं आमचे 57 हजार गेले

मार्च 2024 च्या शेवटच्या आठवड्यात नाशिकला इंदिरानगरच्या आमच्या सोसायटीत एक तरुण आला. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, हातात निळी फाईल. मखमलाबादच्या पुढे स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेल्या, मुलांची शाळा चालवतो म्हणाला. 28 मुलं आहेत, अनुदान नाही, देणगीवर 80जी ची आयकर सवलत मिळेल.

दुसऱ्या कुठल्या कामाचं नाव घेतलं असतं तर मी दारातूनच नमस्कार केला असता. पण माझा भाचा स्वमग्न आहे. नऊ वर्षांचा झाला, अजून बोलत नाही. त्याच्यासाठी माझ्या बहिणीनं किती उंबरे झिजवले ते मी पाहिलंय. प्रमाणपत्रासाठी सिव्हिलच्या खेपा, स्पीच थेरपी, ऑक्युपेशनल थेरपी आणि "आमच्याकडे त्याची नीट काळजी घेतली जाणार नाही हो" असं गोड बोलून परत पाठवणाऱ्या शाळा. तो तरुण म्हणाला, "काकू, कुकरची शिट्टी झाली की आमची मुलं कान झाकून कोपऱ्यात बसतात." भाचा अगदी असंच करतो. माझे डोळे भरून आले आणि मी त्याला आत बसवलं, चहा केला.

पाच हजार द्यायचे ठरले. त्यानं दाखवलेला क्यूआर कोड स्कॅन केला तर मोबाइलवर एका माणसाचं नाव आलं. मी विचारलंसुद्धा, "संस्थेचं नाव का नाही?" तो म्हणाला, "ट्रस्टच्या खात्याचं केवायसी चालू आहे काकू, हे आमच्या खजिनदारांचं खातं." मी मान डोलावली आणि पिन टाकला. तिथेच थांबायला हवं होतं. नोंदणी झालेल्या संस्थेचं तिच्या नावाचं खातं असतंच. स्कॅन केल्यावर व्यक्तीचं नाव आलं तर सांगणारा कितीही गोड असो, पैसे पाठवू नका.

मग 'एका मुलाचं पालकत्व' सुरू झालं. एप्रिल ते सप्टेंबर, दरमहा 1,500. महिन्याला एका चिमुरडीचा फोटो आणि तिच्या हातचं पत्र येई. ऑगस्टमध्ये सेन्सरी रूमची गोष्ट निघाली. झोका, चेंडूंचा हौद, वजनदार पांघरूण, मंद दिवे. अशा खोलीत भाचा कसा शांत होतो हे मला ठाऊक होतं, म्हणून मी 25,000 दिले. भिशीतल्या बायकांनी माझ्या शब्दावर 18,000 जमवले. माझे 39,000 गेले त्याहून हे 18,000 मला जास्त लागतात.

शाळा बघायला येते म्हटलं की तो सांगे, "मुलांना अनोळखी माणसं चालत नाहीत, दिनक्रम मोडला की दिवसभर त्रास होतो." हे खरं आहे. हेच तर सगळ्यांना सांगावंसं वाटतं. त्या माणसाची एकेक सबब स्वमग्नतेबद्दल खरी होती. आमच्या मुलांचा त्रास त्यानं पडद्यासारखा वापरला आणि आम्हाला तो इतका ओळखीचा, की पडद्यामागे बघावंसंच वाटलं नाही.

लक्षात आलं ते बहिणीच्या. गणपतीत ती घरी आली तेव्हा मी कौतुकानं फोटो दाखवले. ती बराच वेळ बघत राहिली. "ताई, पोरांचे चेहरे असे कोण वाटतं गं? आमच्या शाळेनं एका फोटोसाठी माझी सही घेतली होती." मग पत्र वाचलं. "ही मुलगी बोलत नाही, पेन्सिल धरत नाही असं तो सांगतो ना? मग हे वळणदार अक्षर कुणाचं?" शेवटी तिनं सेन्सरी रूमचा फोटो मोठा केला. भिंतीवरच्या प्लगची भोकं आपल्याकडच्यासारखी नव्हतीच. फोटो परदेशातला होता.

दुसऱ्या दिवशी रिक्षानं पावतीवरच्या पत्त्यावर गेलो. एक बंद रो-हाऊस. शेजारच्या आजी म्हणाल्या, "इथं बालवाडी होती, कधीच बंद पडली. मधे एक पोरगा बॅनर लावून फोटो काढून गेला." पायऱ्यांवर बहिणीनं माझा हात धरला होता.

धर्मादाय कार्यालयात पावतीवरचा नोंदणी क्रमांक काढून पाहिला तर तो दुसऱ्याच तालुक्यातल्या एका गोशाळेचा निघाला. देणगीच्या दिवशीच पाच मिनिटं काढली असती तर हे कळलं असतं. 80जी चंही तसंच. तेव्हाच्या नियमाप्रमाणे संस्थेनं आयकर विभागाला देणग्यांचं विवरण द्यायचं आणि देणगीदाराला 10बीई हे प्रमाणपत्र द्यायचं. मार्चच्या देणगीचं ते 31 मेपर्यंत यायला हवं होतं. मी विचारलं की "सीए साहेबांकडे आहे" हे उत्तर ठरलेलं. छापील पावतीपुस्तक कुणीही छापून घेतं.

सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन केला, पण तो लगेच करायचा असतो. माझ्या पहिल्या पैशाला सहा महिने होत आले होते. पोलिसांनी अर्ज घेतला, जबाब झाला. त्याचा नंबर बंद आहे. पैसे आलेले नाहीत. भिशीच्या बायकांचे मी माझ्या पेन्शनमधून फेडते आहे. त्या नको म्हणतात, तरी.

त्यांतल्या एकजण म्हणाल्या, "आता कुणालाच देणार नाही." मला ते बोचलं, कारण भाच्याच्या शाळेत मी स्वतः जाऊन आले. तिथंही वर्गात जाऊ दिलं नाही, पण बाईंनी ऑफिसात बसवलं आणि मी न विचारता फाईल काढली. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे लागणारं नोंदणी प्रमाणपत्र, विशेष शिक्षिकांचे पुनर्वसन परिषदेचे नोंदणी क्रमांक, गेल्या वर्षीचा ताळेबंद. म्हणाल्या, "चारनंतर मुलं गेली की वर्ग बघा." चारला आत गेले. भिंतीवर प्रत्येक मुलाचा दिवस चित्रकार्डांनी लावलेला होता: चप्पल, डबा, झोका, घर. भाच्याच्या ओळीत घराचं कार्ड उलटं करून ठेवलेलं होतं, तो निघाला होता म्हणून. मी संस्थेच्या नावानं चेक लिहिला. रक्कम लहान होती. बाईंनी लगेच पॅन विचारून पावती केली.

गेल्या आठवड्यात पाथर्डी फाट्याकडच्या माझ्या मैत्रिणीचा फोन आला. त्यांच्या सोसायटीत एक तरुण येऊन गेलाय. नाव वेगळं, नंबर वेगळा. फाईल निळीच आहे आणि पहिल्या पानावर तोच झोक्याचा फोटो आहे. त्या प्लगकडे बघा, आणि त्याला बसवून ठेवून पोलिसांना 112 वर फोन करा.