नकारार्थी तुलनेच्या कसोटीवर ‘इंग्लिश ग्रामर इन यूज’

रेमंड मर्फी यांचे ‘इंग्लिश ग्रामर इन यूज’ हे केंब्रिज युनिव्हर्सिटी प्रेसचे पुस्तक १९८५ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाले आणि २०१९ मध्ये त्याची पाचवी आवृत्ती आली. तिच्यातील १४५ पाठांपैकी तुलनेसंबंधीच्या, म्हणजे १०५ ते १०८ या चार पाठांपुरतेच हे परीक्षण आहे, कारण इंग्रजी बऱ्यापैकी येणारा मराठी वाचकही नकारार्थी तुलनेपाशी हमखास अडखळतो.

डाव्या पानावर नियम आणि उजव्या पानावर सराव ही मर्फींची मांडणी येथे फार उपयोगी पडते. नकारार्थी वाक्यात ‘नॉट सो टॉल ॲज’ असेच म्हणावे, हा जुना आग्रह बाजूला ठेवून ‘नॉट ॲज टॉल ॲज’ हेही तितकेच शुद्ध असल्याचे पुस्तक सांगते. आपल्याकडे ‘डिग्री बदला’ या प्रश्नाची घोकंपट्टी करून आलेल्या विद्यार्थ्याला एवढ्यानेच मोठा दिलासा मिळतो.

मात्र ‘अ इज नॉट टॉलर दॅन ब’ या वाक्याचा अर्थ विचारला, की बहुतेक जण ‘अ हा ब पेक्षा बुटका आहे’ असे उत्तर देतात, आणि ते अर्धवट आहे. अ बुटका असेल किंवा दोघे सारख्याच उंचीचे असतील. म्हणूनच या वाक्याचे रूपांतर ‘ब इज ॲट लीस्ट ॲज टॉल ॲज अ’ असे होते. उलट ‘नॉट ॲज टॉल ॲज’ म्हटले, की बरोबरीची शक्यता उरत नाही. ‘नो टॉलर दॅन’ याची छटा आणखी निराळी आहे: दोघांची उंची जवळपास सारखी असून अ अधिक उंच असेल ही अपेक्षा फोल ठरली, असे ते सुचवते. मर्फी ‘नो’ आणि ‘नॉट एनी’ यांची जोडी नीट शिकवतात, पण साध्या ‘नॉट’शी तिची तुलना करून दाखवत नाहीत. माझ्या मते ही या पाठांतील सर्वांत मोठी उणीव आहे.

संख्येच्या बाबतीत ही उणीव अधिक जाणवते. ‘नो मोअर दॅन फिफ्टी’ म्हणजे जेमतेम पन्नास, तर ‘नॉट मोअर दॅन फिफ्टी’ म्हणजे पन्नास ही कमाल मर्यादा. तसेच ‘नो लेस दॅन’ यात संख्या मोठी असल्याचे आश्चर्य असते, तर ‘नॉट लेस दॅन’ केवळ किमान मर्यादा सांगते. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ८४ मध्ये राज्यसभेसाठी ३० आणि लोकसभेसाठी २५ वर्षांची किमान वयोमर्यादा ‘नॉट लेस दॅन’ याच शब्दांत घातली आहे, कारण कायद्याच्या भाषेला आश्चर्याची छटा परवडत नाही. या जोड्यांमधील फरक या चार पाठांत समजावलेला नाही.

तरीही मध्यम पातळीच्या विद्यार्थ्याने पाया पक्का करण्यासाठी हेच पुस्तक घ्यावे, असे मी आग्रहाने सांगेन. कायद्याचे मसुदे किंवा भाषांतर करणाऱ्यांनी मात्र सोबत एखादा मोठा संदर्भग्रंथ ठेवावा. पुस्तक उत्तरांसह आणि उत्तरांशिवाय अशा दोन्ही रूपांत मिळते. शिक्षकाविना अभ्यास करणाऱ्याने मुखपृष्ठ तपासून उत्तरांची प्रतच विकत घ्यावी.