पाणबुडीत लायपो घालावी की एलएफपी? चार्जिंगच्या बाजूने एक तुलना

रिमोटवर चालणारी मॉडेल पाणबुडी पहिल्यांदा बांधणाऱ्याचा निम्मा जीव पाणी आत शिरेल का, या काळजीत असतो. बॅटरीचा विचार शेवटी येतो आणि मग मॉडेल विमान उडवणाऱ्या मित्राकडे असलेलीच लायपो, म्हणजे लिथियम पॉलिमर बॅटरी, आपणही घेतो. मीही तेच केलं. दोन हंगाम लायपो वापरली, मग लिथियम आयर्न फॉस्फेटवर, म्हणजे एलएफपीवर आलो आणि आता तीन हंगाम तिच्यावरच आहे. ज्यांचं अजून ठरायचंय त्यांच्यासाठी हे लिहितोय. बोट आणि नळकांडं तुमचं आहे, तेव्हा माझा अनुभव तुमच्या मापाने घ्या.

माझी बोट माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या कलवरी वर्गाच्या पाणबुड्यांवरून केलेली आहे. सगळी यंत्रणा ज्यात बसते त्या ॲक्रिलिकच्या हवाबंद नळकांड्याचा आतला व्यास 75 मिमी. पुढच्या कप्प्यात बॅटरी, मधे पाण्याची टाकी, मागे मोटर आणि रेडिओ. आधी थ्री-एस 5000 ची, म्हणजे एकापुढे एक तीन सेल जोडलेली 5000 मिलीअँपियर-तासांची लायपो होती. आता 26650 सेलची फोर-एस टू-पी, म्हणजे दोन-दोन सेलच्या चार जोड्या एकापुढे एक लावलेली एलएफपी आहे, तीही 5000 चीच. 11.1 व्होल्टच्या जागी 12.8 आले, पण मोटर आणि पंपाने तक्रार केली नाही.

लायपोची बाजू आधी मांडतो, कारण ती कमकुवत नाही. वजनाला हलकी, दुकानात सहज मिळते, मुंबईत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या लॅमिंग्टन रोडला गेलात तर चार ठिकाणी विचारून घेता येते. एलएफपीचे चांगले सेल त्या मानाने शोधावे लागतात आणि पॅक वेल्डिंग करून घ्यावा लागतो. लायपोचं व्होल्टेज हळूहळू उतरत जातं, त्यामुळे किती शिल्लक आहे याचा अंदाज मीटरवर येतो. एलएफपी शेवटपर्यंत जवळजवळ सपाट चालते आणि मग एकदम कोसळते. बोट तळाशी असताना हे समजणं बरं नव्हे. म्हणून व्होल्टेज पडलं की पाण्याची टाकी आपोआप रिकामी करून बोट वर आणणारं छोटं सर्किट एलएफपीबरोबर मी सक्तीचंच मानतो.

हलकेपणाचा मुद्दा मात्र विमानवाल्यांचा आहे, आपला नाही. माझी लायपो चारशे ग्रॅमच्या आसपास होती, एलएफपी सहाशेच्या वर आहे. विमानात दोनशे ग्रॅम म्हणजे संकट. पाणबुडीत तळाला शिशाच्या पट्ट्या आपण स्वतःच ठेवतो, नाहीतर ती बुडणारच नाही. मी दोनशे ग्रॅम शिसं काढलं आणि पुन्हा समतोल साधला, एका रविवारचं काम. जागेचा प्रश्न त्याहून खरा आहे. 26650 म्हणजे 26 मिमी व्यास आणि 65 मिमी लांबी. अशा चार सेलची जुडी बांधली की तिला 63 मिमीचं वर्तुळ लागतं. तुमचं नळकांडं त्याहून बारीक असेल तर हा पॅक तुमच्यासाठी नाही. 18650 मध्ये एलएफपी मिळते, पण क्षमता बरीच कमी.

आता मुद्दा चार्जिंगचा, माझा निर्णय ज्यावर झाला तो.

आपण बोट चालवतो ती रविवारी सकाळी, सातच्या आधी, पोहणारे यायच्या आत, कुणाच्या तरी ओळखीने मिळालेल्या तलावात. त्यासाठी शनिवारी रात्री बॅटरी भरायची. आणि मग रात्री साडेदहाला फोन येतो, उद्या नाही जमणार. तलावात क्लोरीन टाकलंय, नाहीतर सोसायटीची मीटिंग आहे, नाहीतर मे अखेरीचा अवकाळी पाऊस. लायपो भरलेली ठेवून चालत नाही. दोन-तीन दिवसांत न वापरल्यास तिला सेलमागे 3.8 व्होल्टच्या आसपास आणून ठेवावं लागतं. माझ्याकडचा चार्जर 5 वॉटने रिकामी करतो. 55 वॉट-तासांची बॅटरी अर्धी करायची म्हणजे पाच-साडेपाच तास. आणि सुरक्षिततेचा पहिला नियम हा की चार्जर चालू असताना उठून जायचं नाही, झोपायचं तर नाहीच. म्हणजे न वापरलेली बॅटरी रिकामी करायला रात्रभर समोर बसायचं. काही जण गाडीचा 21 वॉटचा ब्रेक लाइटचा बल्ब लावतात. सव्वा तासात काम होतं, पण बल्बला कुठे थांबायचं ते कळत नाही, सेलही समान राहत नाहीत. बसायचं ते बसायचंच.

मुलुंडच्या वन बीएचकेमध्ये, घरचे आत झोपलेत आणि आपण बाल्कनीत स्टुलावर मीटर बघत बसलोय, असे पाच-सहा शनिवार मी काढले. एका शनिवारी नाही काढला. ‘‘आज राहू दे रे, उद्या कर,’’ असं ही म्हणाली, आणि सोमवार ते शुक्रवार ऑफिसच्या गडबडीत तो उद्या आलाच नाही. भरलेली लायपो मेच्या उकाड्यात आठ दिवस बोटीतच राहिली.

पुढच्या रविवारी झाकण उघडलं तर बॅटरी बाहेर येईना. ती फुगली होती. लायपोचा सेल म्हणजे पातळ पाकीट, आत वायू झाला की ते उशीसारखं वर येतं. टेबलावर ठेवलेली फुगली तर दिसते, हाताला लागते, बाजूला काढता येते. नळकांड्यात फुगली की ती आतल्या भिंतीला घट्ट बसते. वायर धरून ओढायची नाही, कारण जोड तुटून शॉर्ट झाला तर आग हातात. स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटायची नाही, पाकीट फाटलं तर तेच. नळकांडं तसंच उचलून गच्चीवर नेलं, तो ब्रेक लाइटचा बल्ब लावून बॅटरी पूर्ण उतरवली आणि मग जुन्या एक्स-रेच्या फिल्मच्या दोन पट्ट्या कापून बॅटरी आणि ॲक्रिलिकच्या मधे हळूहळू सरकवल्या. फिल्म गुळगुळीत, बोथट, आणि वीज वाहून नेत नाही. अर्ध्या तासाने बॅटरी बोटभर हलली, मग आली. तिच्या मधल्या सेलचा पोट आल्यासारखा आकार आणि त्यावर उमटलेली नळकांड्याची गोल रेघ मला अजून दिसते.

26650 एलएफपीचे सेल धातूच्या डबीत असतात, आकार बदलत नाही. भरलेली बॅटरी पंधरवडाभर तशीच राहिली तरी मला गेल्या तीन हंगामांत फरक जाणवलेला नाही. रविवार रद्द झाला तर मी बॅटरी बाहेर काढून वाळूच्या कुंडीत ठेवतो आणि झोपतो. पावसाळ्याचे चार महिने बोट बंद असते तेव्हा मात्र अर्ध्यावर आणून ठेवतो. एवढी काळजी तिलाही लागते.

आग लागण्याच्या बाबतीत ‘एलएफपी जळत नाही’ असं सर्रास सांगितलं जातं, ते तसं धरू नका. आतला द्रव दोन्हीकडे ज्वलनशीलच आहे. फरक कॅथोडचा, म्हणजे सेलच्या धन बाजूच्या पदार्थाचा आहे. फॉस्फेटमधला ऑक्सिजन फॉस्फरसला घट्ट बांधलेला असतो, तापलं तरी सहज सुटत नाही, त्यामुळे सेल बिघडला तरी स्वतःची आग स्वतःच वाढवत नेण्याची शक्यता बरीच कमी. हे कॅथोड टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्या गटाने 1997 मध्ये मांडलं. 2019 चं रसायनशास्त्राचं नोबेल लिथियम-आयन बॅटरीसाठी ज्या तिघांना मिळालं, त्यांत ते होते. आपल्यासारख्या छोट्या घरात ज्वाळेपेक्षा धूर जास्त घातक. त्यात हायड्रोजन फ्लोराइडसारखे वायू असतात आणि बंद खोलीत माणूस लवकर गांगरतो. म्हणून कोणतीही बॅटरी असो, बाल्कनीत, सावलीत, उन्हात वाळवलेली वाळू भरलेल्या मातीच्या कुंडीत, आणि पडदे-कपड्यांपासून लांब. स्वयंपाकघराच्या ओट्यावर नाही, तिथे गॅस आहे.

आणि बंद नळकांड्यात तर कधीच नाही. काही जण चार्जिंगची वायर झाकणातून बाहेर काढतात, म्हणजे ओ-रिंगला, झाकण पाणबंद करणाऱ्या रबरी कड्याला, हात लावावा लागत नाही. त्यांची अडचण मला कळते. दर वेळी झाकण उघडलं की ओ-रिंगवर केस किंवा धाग्याचा कण बसण्याची भीती, शिवाय मुंबईची दमट हवा आत शिरते आणि गार पाण्यात उतरल्यावर ॲक्रिलिकवर आतून दव धरतं. पण सेलने वायू सोडला तर हवाबंद नळकांड्यात तो जाणार कुठे? दाब वाढत जाऊन झाकण उडेल, आणि ते समोर बसलेल्याच्या दिशेने उडेल. खऱ्या पाणबुडीतही चार्जिंगच्या वेळी वायुवीजन लागतं, कारण शिशाच्या बॅटऱ्या भरताना हायड्रोजन सुटतो. जपानने लिथियम-आयन बॅटऱ्यांची ओर्यू पाणबुडी मार्च 2020 मध्ये नौदलात आणली, तोपर्यंत मोठ्या पाणबुड्यांच्या बॅटऱ्या बहुतेक शिशाच्याच असायच्या. तेव्हा बॅटरी एलएफपी असली तरी मी ती बाहेर काढूनच भरतो. झाकण लावताना ओ-रिंग पुसून सिलिकॉन ग्रीसचं बोट फिरवतो आणि सिलिका जेलची पुडी आत टाकतो. डबीतले सेल सुरळीत बाहेर येतात, त्यामुळे हे काम पाच मिनिटांचं झालंय.

एलएफपीची एक खोड मात्र लायपोत नाही, आणि ती धोक्याची आहे. ही सेलमागे 3.6 व्होल्टला भरते, लायपो 4.2 ला. चार्जर आधी लावलेला बॅटरीचा प्रकार लक्षात ठेवतो. लायपोवर एलएफपीचा प्रकार लावलात तर बॅटरी अर्धवट भरेल, एवढंच. उलट झालं, म्हणजे एलएफपीला लायपोचा प्रकार लागला, तर ती हद्दीबाहेर भरली जाते. घरात दोन्ही ठेवायला मी म्हणूनच बिचकतो. माझ्या चार्जरवर चिकटपट्टीवर ‘लाइफ, 4 सेल, 5 अँपियर’ लिहून ठेवलंय (लाइफ हे चार्जरवरचं एलएफपीचं नाव) आणि सुरू करण्याआधी बोट ठेवून वाचतो. 5000 च्या बॅटरीला 5 अँपियर म्हणजे वन-सी, साधारण तासाभरात भरण्याचा वेग, त्यापेक्षा घाई करायची गरज मला कधी पडली नाही.

ईएससीचंही, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटचंही बघा. भरलेल्या फोर-एस एलएफपीचे 13.3 व्होल्ट बघून काही ईएससी तिला जवळजवळ रिकामी झालेली फोर-एस लायपो समजतात आणि पाच मिनिटांत मोटर बंद करतात. माझं पहिल्या दिवशी तेच झालं, बोट तलावाच्या मधोमध शांत उभी राहिली. कट-ऑफ, म्हणजे मोटर बंद होण्याचं व्होल्टेज, हाताने 11.2 ला लावलं, तेव्हापासून ठीक आहे.

नळकांडं बारीक असेल, किंवा तुम्ही दर रविवारी हमखास बोट पाण्यात घालता आणि दुपारी घरी येऊन लगेच बॅटरीची व्यवस्था लावता, तर लायपो घ्या, मनात किंतु ठेवू नका. आमच्यातला एक मित्र सहा वर्षं तशीच वापरतोय, त्याची एकही फुगलेली नाही. पण तलाव दुसऱ्याचा, वेळ ऑफिसची आणि घर दोन खोल्यांचं असेल, तर मी एलएफपीचं वेल्डिंग करून घ्यायला सांगेन. सेल घेताना प्रत्येकाचं व्होल्टेज मोजून घ्या, आठही जवळजवळ सारखे हवेत, आणि पॅक बांधणाऱ्याला बॅलन्स लीड, म्हणजे सेल समान भरण्यासाठीची बारीक वायर, पुढच्या झाकणाच्या बाजूला काढायला सांगा. माझ्या पहिल्या पॅकची ती मागे होती आणि दर वेळी बोटाने चाचपत शोधावी लागायची.